ससा सरांचा डोंगरामागचा वर्ग

शाळेतल्या मुलांनी गणिताच्या सरांचं नाव 'ससा' ठेवलं, त्याला आता जमाना लोटला. ज्यांनी ठेवलं त्यांची मुलं त्याच शाळेत शिकून बाहेर पडली, पण नाव काही बाहेर पडलं नाही. एक तुकडी गेली की ते पुढच्या तुकडीच्या हवाली होत राहिलं. सर दिसायला सशासारखे होते म्हणाल, तर मुळीच नाही. आडवा बांधा, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, आणि वर्गात शिरताना आधी पोट, मग खडू, मग सर. ससा म्हणायचं ते त्यांच्या कानांना.

सर वर्गाकडे पाठ करून शिकवत. तोंड फळ्याकडे, हात फळ्यावर, आणि मागच्या कुणी पेनाचं टोपण चावलं तर न वळता म्हणत, "तिसरं बाक, भूक लागली असेल तर डबा खा. टोपण पचत नाही." कागद फाडल्याच्या आवाजावरून तो वहीचा की पुस्तकाचा, हे ते ओळखत. खिडकीजवळचं बाक करकरलं तर कोण उठलंय आणि कुठे वाकलंय तेही सांगत. त्यांचं म्हणणं असं की, माणसाचा चेहरा खोटं बोलतो, बाक कधी खोटं बोलत नाही. त्यामुळे वर्गाकडे बघायची त्यांना गरजच वाटत नसे. मुलांनाही सर ओळखायचे म्हणजे मानेवरच्या दोन वळ्या आणि शर्टाच्या पाठीवर उमटलेला घाम, एवढंच ठाऊक.

तर अशा माणसाचे कान गेले. सरांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता, पण कानांनी आधीच रामराम ठोकला. एकदम गेले नाहीत, नाहीतर सरांनाही कळलं असतं. हळूहळू गेले, आणि सरांचा समज झाला की हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहेत. दुकानदार पुटपुटतो, टीव्हीवरचे लोक पुटपुटतात, बायको तर काय, लग्न झाल्यापासून पुटपुटतेच. टीव्हीचा आवाज ते इतका वाढवत, की शेजाऱ्यांनी स्वतःचा टीव्ही विकला असता तरी बातम्या चुकल्या नसत्या.

बायकोने सुरुवातीला वाद घातला. "अहो, एकदा कान दाखवून या."

"कशाला? तू नीट बोल."

मग तिने वाद सोडून दिला आणि दिव्याचं बटण धरलं. सर बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसलेले असले की ती आतून दिवा एकदा विझवून लावी, म्हणजे चहा. दोनदा, म्हणजे जेवण. सारखी उघडझाप व्हायला लागली की पाहुणे आलेत, शर्ट घाला. सर उठून मुकाट्याने शर्ट घालत, आणि तरी वर म्हणत की या घरातली वायरिंग एकदा बघून घ्यायला हवी.

पण शाळेत दिव्याचं बटण धरणारं कुणी नव्हतं. एक दिवस दहावीच्या वर्गात सर फळ्यावर लांबलचक उदाहरण सोडवत होते. खडू संपला म्हणून दुसरा घ्यायला वळले, तर अख्खा वर्ग लालबुंद. कुणी तोंडात रुमाल कोंबलाय, कुणी बाकाखाली गेलाय, आणि शेवटच्या बाकावरचा एक बहाद्दर डोळे मिटून, मान वर करून मांजरासारखा ओरडतोय. ते किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. सरांनी दुसरा खडू घेतला आणि वळून पुढची ओळ लिहिली, पण बरोबरच्या चिन्हातल्या दोन रेघा एकमेकींना जाऊन भिडल्या. घरी आल्यावर दिवा दोनदा विझला तरी ते जेवायला उठले नाहीत. ज्या कानांवर आयुष्य काढलं त्यांनीच भर वर्गात दगा दिला, याची त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ऐकू न येणाऱ्या मास्तराला वर्ग कोण देणार?

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. डोंगरामागे एक छोटी शाळा होती. तिथल्या आठवीला गणित शिकवायला कुणी टिकत नव्हतं. एक आला, महिन्यात गेला, दुसरा आला तो सुट्टीवर गेला तो गेलाच. गेल्या वर्षी तिथली पोरं गणितात साफ आडवी झाली होती, आणि यंदाही झाली तर तो वर्गच बंद करायचं वरच्यांनी ठरवलं होतं. तेव्हा आपल्या शाळेतल्या कुणीतरी इथे कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं आणि तिकडच्या वर्गाला पडद्यावरून शिकवायचं. मोठ्या बाईंनी मोठ्या हौसेने पडदा लावला, सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवायला घेतलं, आणि पुढचा अर्धा तास पडद्याच्या अलीकडची माणसं "ऐकू येतंय का?" विचारत होती आणि पलीकडची "काय म्हणालात?" म्हणत होती.

बाकीचे शिक्षक वैतागले. सर मात्र हरखून बघत राहिले. कितीतरी दिवसांनी अशी खोली त्यांनी पाहिली होती, जिथे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं आणि कुणालाच त्याची लाज वाटत नव्हती.

"कोण घेईल हा वर्ग?" बाईंनी विचारलं. इतिहासाच्या सरांना लगेच पाठदुखी आठवली, विज्ञानाच्या बाईंचे डोळे पडद्याने चुरचुरायला लागले. गणिताच्या सरांनी हात वर केला.

"सर, तुम्ही?" मोठ्या बाई चकित झाल्या. या माणसाला मोबाइलवर आलेला फोन उचलताना चारदा पाहिलं होतं आणि चारही वेळा फोन बंद झाला होता.

"काळाबरोबर चालायला हवं," सर म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मात्र मनात म्हणाले.

सरांचा दहावीचा वर्ग दुसऱ्याकडे गेला. आवाराच्या टोकाला खेळाच्या सामानाची जुनी खोली होती, तिथे फळा, कॅमेरा आणि मोठा पडदा लागला. पडद्यावर डोंगरामागचा वर्ग दिसे. चुन्याच्या भिंती, बुटकी बाकं आणि त्यांच्यावर दाटीने बसलेली पोरं. त्या शाळेत मोठं माणूस म्हणजे लहान वर्गांच्या एक बाई. त्यांच्या गळ्यात तीन वर्ग, त्यामुळे त्या आठवीच्या दारातून नुसतं डोकावत. तिकडचा पडदा कपाटात ठेवलेला असे आणि कपाटाची किल्ली एका मुलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली असे. सर तिला किल्लीवाली म्हणत. दुसरा लक्षात राहण्यासारखा म्हणजे शेवटच्या बाकावरचा लंबू. तो उभा राहिला की त्याचं डोकं कॅमेऱ्याच्या वर निघून जाई. सरांनी त्याचा चेहरा उभ्याने असा कधी पाहिलाच नव्हता. शर्टाच्या तुटलेल्या गुंडीवरून ते त्याला ओळखत.

पहिल्या दिवसापासून सरांनी एकच मंत्र धरला. कुणी काही विचारलं की सर कपाळाला आठी घालून म्हणत, "आवाज तुटतोय." परत विचारलं की म्हणत, "आता तर गेलाच." नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात ते हेच. पण इथे अंगण खरोखरच अधूनमधून वाकडं असल्यामुळे कुणाला शंका आली नाही.

शंका आली नाही, पण तारवाला आला. शाळेतली सगळी यंत्रं बघणारा हा किडकिडीत गृहस्थ, आणि कामाचा अभिमान इतका की त्याच्या तारेतून आवाज तुटतो म्हणणं म्हणजे त्याच्या घराण्याला बोल लावणं. त्याने तार बदलली. सर म्हणाले, तुटतोय. त्याने माईक बदलला, तिकडे जाऊन तिकडचाही बदलला. सर म्हणाले, थोडा सुधारला, पण तुटतोय. मग त्याने मैदानावरच्या सभेत लावतात तसला स्पीकर आणून बसवला. त्यातून सरांच्या कानात आवाजाचे लोट आले, पण शब्द काही येईनात, नुसती गिरणीची घरघर. शेजारच्या वर्गातली मुलं मात्र डोंगरामागच्या मुलांच्या खोकल्याला "पाणी पी" म्हणून ओरडायला लागली, तेव्हा तो काढावा लागला. शेवटी तारवाला शिडी घेऊन आला आणि छतापासून जमिनीपर्यंत सगळी जोडणी उपसून नवी केली. सरांच्या कटकटीचा परिणाम असा झाला की वरचे लोक तपासायला आले तेव्हा त्यांनी लेखी कळवलं, इतकं स्वच्छ चित्र आणि इतका स्पष्ट आवाज दुसऱ्या कुठल्याही शाळेत नाही.

आता आली का पंचाईत. तुटायला आवाजच शिल्लक राहिला नाही. तेव्हा सरांनी दुसरी युक्ती काढली. प्रत्येक मुलाला एक छोटी पांढरी पाटी आणि एक पेन द्यायला लावलं आणि जाहीर केलं, "माझ्या वर्गात तोंडी काही चालणार नाही. गणित तोंडाने होत नाही, हाताने होतं. उत्तर लिहायचं आणि पाटी वर धरायची. शंका असेल तर तीही लिहायची."

ही पद्धत मोठ्या बाईंना इतकी आवडली की त्यांनी ती दोन सभांमध्ये सांगितली. आणि खरं सांगायचं तर सरांचा वर्ग रंगायला लागला. सर विचारत, पोरं लिहीत, पाट्या वर जात, आणि उत्तरं बरोबर. कुणालाही विचारा, बरोबर. लंबूला विचारलं तर बिनडोक्याचा लंबू उभा राहून पोटापाशी पाटी धरे, तिच्यावरचं उत्तरही बरोबर. सरांनी आयुष्यात असा वर्ग पाहिला नव्हता. ते शिक्षकांच्या खोलीत छाती फुगवून सांगू लागले, "यंदा डोंगरामागचं एक पोर नापास होणार नाही. लिहून देतो."

असं चाललं असताना एका सकाळी सर चष्मा घरी विसरले आणि तो द्यायला बायको शाळेत आली. वर्ग चालू होता म्हणून ती कॅमेऱ्याच्या मागे, जुन्या गादीवर टेकली. तिकडच्या मुलांना ती दिसत नव्हती. तास संपेपर्यंत ती बसून राहिली. तिथे काही न बोलता घरी गेली, कारण सरांशी शाळेत बोलणं म्हणजे अख्ख्या शाळेला भाषण देणं. संध्याकाळी सर घरी आल्यावर तिने खिडक्या लावल्या, दार लावलं, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"तुमचा वर्ग हुशार आहे म्हणता ना?"

"हिरे आहेत हिरे."

"हिरा एकच आहे. ती गळ्यात किल्लीवाली. बाकी सगळे तिचं ऐकून लिहितात."

"काहीतरीच. माझ्यासमोर?"

"तुमच्या डोळ्यांसमोर, भाजीवालीच्या आवाजात." बायकोने आवाज लावला. "चौदा लिही, चौदा. अरे लंबू, आधी एक मग चार, उलटं लिहिलंस. पुस. हां, आता धर वर. असं चाललं होतं. आणि तुम्ही शाबास म्हणत होता."

सरांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुणावर काढायचा हे न कळल्यामुळे ओसरला. ते हिशेबी माणूस. हिशेब चटकन झाला. परीक्षेच्या खोलीत किल्लीवालीला ओरडू देणार नाहीत. एक पास, बाकी सगळे आडवे, वर्ग बंद. आणि तोंडावर पडणार कोण, तर लिहून देणारे सर. पण गंमत अशी की, तोंडावर पडण्याचं त्यांना त्या क्षणी फारसं काही वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे तुटक्या गुंडीचा शर्ट आला. हा पोरगा वर्षभर आपल्यापुढे उभा राहिला आणि त्याला काय येतं, काय येत नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. याला शिकवणं म्हणायचं?

"मग काय करायचं?" ते म्हणाले.

"दिवा लावून विझवून तर ती पोरं पास होणार नाहीत," बायको म्हणाली. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे. मी येते."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सरांना काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं, आणि सरांनी परीक्षेला बसलेल्या पोरासारखं अंदाजाने खूप वेळा बटण दाबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी अजून यंत्र चालू केलेलं नाही. थोडक्यात, पितळ उघडं पडलं आणि काही दिवसांनी सरांच्या दोन्ही कानांमागे दोन चिमुकली यंत्रं बसली.

बाहेर पडल्यावर जगाने सरांवर हल्लाच चढवला. स्वतःची चप्पल एवढी वाजते हे त्यांना माहीतच नव्हतं. कागद कर्कश होते, नळ बेशरम होता, आणि स्वतःच्या घशातून येणारा आवाज तर कुणा भांडकुदळ माणसाचा वाटत होता. घरी आल्यावर मात्र ते बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसले आणि मध्येच पेन खाली ठेवलं. आतून गुणगुणल्याचा आवाज येत होता. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"तू गातेस?"

बायको भांडं घासता घासता थांबली. "रोज गाते," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. सरांचेही आले. मग दोघांनीही एकमेकांकडे न बघता भांडी विसळून टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना सर वेगळ्याच तोऱ्यात होते. कोपऱ्यावरची सायकल, मागून येणारी माणसं, सगळं न वळता कळत होतं. ससा परत आला होता. चालता चालता त्यांच्या मनात आलं, आता कॅमेऱ्यापुढे उभं राहायची गरज काय? तास झाला की मोठ्या बाईंकडे जायचं आणि आपला दहावीचा वर्ग परत मागायचा. खरी बाकं, खरी पोरं, मागे करकर. त्या मांजराचाही जुना हिशेब बाकी होता. डोंगरामागच्या पोरांना जरा जोरात पळवू, परीक्षेपर्यंत एखादा तरुण मास्तर गाठून देऊ. असं काय काय ठरवत ते खेळाच्या खोलीत पोचले.

तारवाल्याने जोडणी आधीच चालू करून ठेवली होती. तिकडची पोरं येऊन बसत होती. सर कुणाकडे न बघता फळ्याकडे वळले आणि दिवसाचं उदाहरण लिहायला लागले. मागून आवाज येऊ लागले. दप्तरं आपटली, बाक करकरलं, कुणीतरी नाक ओढलं. सरांना इतकं बरं वाटलं की उदाहरण लिहायला त्यांनी मुद्दामच वेळ लावला.

"हे आपले सर?" एक नवखा आवाज आला. कुणीतरी नवीन पोरगा आला असावा.

"हो. बस इथे." हा मुलीचा आवाज. सर चमकले. किल्लीवालीचा आवाज असा बारीक, सावकाश असेल हे त्यांना कधी वाटलं नव्हतं. "हे बघ, तुला पाटी मिळेल. सरांनी विचारलं की लिहायचं. तोंडाने बोलू नकोस, सरांना ऐकू येत नाही."

"म्हणजे नेट खराब आहे?"

"नेट चांगलं आहे. कान खराब आहेत. त्या दिवशी त्यांच्या मागे ती मोठी शिडी पडली, धाडकन. आम्ही सगळे इथे उडालो. सर लिहीतच होते."

फळ्यावरचा खडू थांबला. शिडी त्यांना आठवली. तास संपल्यावर ती खाली आडवी दिसली होती आणि तारवाला कसा अव्यवस्थित आहे यावर त्यांनी त्याला दोन शब्द सुनावले होते.

"मग शिकवतात कसे?" नवखा म्हणाला.

"चांगलं शिकवतात. पाटीवर 'कळलं नाही' लिहिलं की पहिल्यापासून परत शिकवतात, चिडत नाहीत. पण हे कुणाला सांगायचं नाही. तिकडे त्यांच्या शाळेत माहीत नाही. कळलं तर काढतील त्यांना. मग आपल्याला कोण आहे?"

"आणि मला उत्तर आलं नाही तर?"

"मी सांगीन ना. सगळ्यांना मीच सांगते. आधीच्या दोन सरांनी आमची उत्तरं ऐकली आणि गेलेच. या सरांच्या वेळी आम्ही ठरवलं, सगळी उत्तरं बरोबर द्यायची. बरोबर आली की सर खूश होतात. खूश झाले की परत येतात."

सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. आयुष्यभर ते असेच उभे राहिले होते, पण आज पहिल्यांदा त्यांना वळायचं धाडस होत नव्हतं. ज्याला ते कॉपी समजत होते ती पोरांनी त्यांना धरून ठेवायला केलेली धडपड होती. शेवटी त्यांनी बाहीने चष्मा पुसला आणि वळले.

"नमस्ते सर," अख्खा वर्ग जिवाच्या आकांताने ओरडला. सरांनी दोन्ही कान झाकले. पोरं रोजच एवढी ओरडत होती तर.

"एका संख्येच्या तिपटीतून सात वजा केले," सर म्हणाले, "तर उरले एकोणसाठ. ती संख्या कोणती? लंबू, तू."

लंबू उभा राहिला, डोकं पडद्याबाहेर गेलं, पाटी पोटाशी आली. किल्लीवालीने पुढच्या बाकावरून, मान न वळवता, भाजीवालीच्या आवाजात सांगितलं, "बावीस. दोनावर दोन."

"तू नको सांगूस," सर म्हणाले. "त्याला सांगू दे."

पडद्यावर सगळं थिजलं. तारवाला बघत असता तर जोडणी गेली म्हणून धावला असता. लंबू हळूच खाली बसला, त्यामुळे त्याचा चेहरा दिसला. घाबरलेला, गोल चेहरा होता. किल्लीवाली उभी राहिली. तिचं लक्ष सरांच्या कानाकडे गेलं.

"सर, तुम्हाला ऐकू येतंय?"

"येतंय."

"सगळं?"

"नाक ओढलेलं सुद्धा."

कुणी हसलं नाही. मुलीने गळ्यातल्या किल्लीला धरलं. "मग आता तुम्ही जाणार का?"

"कुठे?"

"तुमच्या तिकडच्या वर्गात. आता ऐकू यायला लागलं ना." रडवेली न होता, नुसतं सांगावं तसं तिने सांगितलं, "चांगल्या कानांचे सर आमच्याकडे कशाला राहतील?"

सरांना कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. कारण सकाळी चपलांच्या तालावर त्यांनी हेच ठरवत रस्ता कापला होता. ऐकू येत नव्हतं तेव्हा ही पोरं चालत होती, आता येतंय तर दहावी हवी. पोरीने न बघता, न ऐकता, डोंगरापलीकडून त्यांचा सगळा हिशेब वाचला होता. त्यांना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. ते अर्धवट फळ्याकडे वळले आणि म्हणाले, "नाही जाणार."

"सर, ऐकू नाही आलं."

ती चिडवत नव्हती. खरंच आलं नव्हतं. सर कॅमेऱ्याकडे वळले आणि बहिरेपणाच्या काळात कमावलेला सगळा आवाज लावून म्हणाले, "मी कुठेही जाणार नाही. हा वर्ग माझा आहे. यंदाही आणि पुढेही."

शेजारच्या वर्गातलं पाठांतर बंद पडलं. त्याच्या पलीकडच्या वर्गातलंही बंद पडलं. थोड्या वेळाने दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

"सर, कोण पाठवतंय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "आणि केवढ्याने ओरडता? इथे कुणी बहिरं आहे का?"

"होतं," सर म्हणाले. "मीच होतो."

मोठ्या बाईंनी त्यांच्या कानांकडे पाहिलं, पडद्यावरच्या वर्गाकडे पाहिलं. पडद्यावरून सगळ्या पोरांनी श्वास रोखून त्यांच्याकडे पाहिलं, आणि नवख्याला दिलेल्या सूचनेप्रमाणे एकेक करत पाट्या वर धरल्या. सगळ्यांवर बावीस होतं, नवख्याच्याही.

"उत्तरं तर बरोबर आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अजून नाहीत," सर म्हणाले. "पाट्या खाली. पुसून टाका सगळ्यांनी. लंबू, घाई नाही. तुला काय वाटतं ते सांग."

लंबूने बराच वेळ काढला. बोटं मोजली, छताकडे पाहिलं, किल्लीवालीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"सतरा," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा, नुकताच फुटलेला होता, आणि सर तो पहिल्यांदाच ऐकत होते. "सतरा आणि वर थोडंसं उरतंय."

सरांनी खोलीच्या कोपऱ्यातली खुर्ची ओढली, फळ्याकडे पाठ करून कॅमेऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, "कसं काढलंस ते मला पहिल्यापासून सांग." लंबू सांगू लागला आणि सर ऐकत बसले.